दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी

नवी पेठेत बिराजदारांच्या दुकानात एसी आहे,
म्हणून नान्ना आले.
एरवी एप्रिलातल्या दुपारी
ते अशोक चौक ओलांडत नाहीत.

भिंतीवर सात पडदे, सातांवर एकच पोपट
सात वेळा पंख झटकणारा.
"पिसं बघा काका," इरेश म्हणाला,
"एक एक मोजून घ्या."
हे नान्नांनी खरंच मानलं.

खिशातून घडीचं पितळी भिंग निघालं,
चाळीस वर्षं चादरीवर टेकून
उभे-आडवे धागे मोजलेलं,
आणि पोपटाच्या मानेवर टेकलं.
ओकटी, रेंडू, मूडू...
पोपट उडाला. मोजणी गेली.
"हा पक्षी बंद करा," नान्ना म्हणाले,
"आमचं कापड लावा."

माझ्या पेन ड्राइव्हमध्ये डाळिंबाची वेल होती,
फुटलेली फळं, आत दाणे.
यंत्रमागावरच्या जेकार्डला हूक
दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी.
एक हूक, एक धागा, पडद्यावर एक ठिपका.
लॅपटॉपवर मी वेल सरकवत बसते,
उजवं टोक येतं
तोवर डावं विसरलेली असते.

"मग हा घ्या ताई, फुल एचडी, स्वस्तात."
सातशे अडुसष्ट धागे बाहेर.
"हा मधला, टू के. खप ह्याचाच."
एकशे अठ्ठावीस बाहेर.
म्हणजे दोन इंच काठ.
काठ रस्त्यावर ठेवून चादर कोण विणतं?
राहिला फोर के, सत्तावीस इंची.
किंमत ऐकून नान्नांनी भिंग मिटलं,
थोड्या वेळानं पुन्हा उघडलं.

मग कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर वाकून म्हणाले,
"लाल आहे, हिरवा आहे, निळा आहे.
पांढरा कुठं आहे?"
"तो लांबून होतो काका."
"आमचा जवळूनपण असतो," नान्ना म्हणाले,
पण भिंग काढलं नाही.
वरच्या कोपऱ्यापासून ओळीनं उतरत आले
आणि डाव्या हाताला थांबले.
एक ठिपका काळा. मेलेला.

इरेशनं वॉरंटीचा कागद काढला:
पाचपर्यंत दोष धरत नाहीत.
नान्नांनी कागद वाचला, सावकाश, चष्मा बदलून.
"आमच्यात एक धागा तुटला की
अख्खी चादर सेकंडमध्ये जाते.
मग ही सेकंडच्या भावात द्या."
दुसरा खोका फोडला गेला.
चहा आला. भिंग पुन्हा वरच्या कोपऱ्यावर.

स्कूटरवर खोका आमच्या दोघांमध्ये,
पार्क चौकात गरम वारा त्यावर आदळला
तेव्हा नान्नांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं,
मला नाही.

घरी जोडला तर बाण अडखळत चाले.
लॅपटॉपचं भोक जुनं,
सेकंदाला तीसच चित्रं देतं.
मेनूतली अक्षरं राजगिऱ्याएवढी.
मोठी करावी तर वेल धूसर होते,
एक धागा दीड ठिपक्यावर बसतो, म्हणजे कुठंच बसत नाही.
अक्षरं बारीकच ठेवली.
केबलचं उद्या बघू.

वेल लावली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
न सरकवता, पहिल्यांदा.
बाजूला थोडी रिकामी जागाही उरली.

नान्ना सरकत सरकत भिंतीला टेकले.
ग्राफ पेपरच्या काळात
एकेक चौकोन लाल शाईनं भरून झाला की
सगळे ताव ते फरशीवर जोडून मांडत,
अम्मा कोपऱ्यांवर कुलपं ठेवायची,
आणि ते स्टुलावर चढून नक्षी बघत.
मला तेव्हा पंखा लावायची बंदी.

आता त्यांनी खुर्ची ओढली.
"नान्ना, पडदा उभा आहे," मी म्हटलं,
"चढून काय दिसणार?"
ते चढलेले होते.
एक हात भिंतीवर, डोकं पंख्याच्या जवळ.
मी उठून पंखा बंद केला.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग वरून म्हणाले,
"तिसऱ्या डाळिंबात एक दाणा जास्त आहे."